फुकटाचं प्यादं

मध्यंतरी एका वृत्तवाहिनीच्या पडद्यावर खालच्या पट्टीत ओळ सरकत होती: अमुक नेत्यांचा मोठा ‘गॅम्बिट’. बातमी अशी की, साहेबांची दोन पक्षांशी एकाच वेळी बोलणी चालली आहेत आणि त्यांनी अजून कुणालाच शब्द दिलेला नाही. पट्टी पुढे सरकली, सोन्याचा भाव आला, पावसाचा अंदाज आला. तो शब्द मात्र डोक्यातून जाईना. दोन्ही दारं उघडी ठेवून उंबऱ्यावर उभं राहण्याला गॅम्बिट कसं म्हणायचं? त्यात साहेबांनी सोडलं काय? खिशातली पै गेलेली नाही, एक कार्यकर्ता गेलेला नाही, खुर्ची जागच्या जागी आहे. याला आपल्याकडे तळ्यात-मळ्यात म्हणतात. धाडस दिसलं की गॅम्बिट, चलाखी दिसली की गॅम्बिट, काहीच कळलं नाही की ‘मास्टर गॅम्बिट’ असा तो शब्द आता सैल झाला आहे. पटावर मात्र तो अजून चांगलाच घट्ट आहे.

बुद्धिबळात त्याचा अर्थ असा. डाव नुकता सुरू झालेला असतो, दोन्हीकडचे घोडे-उंट अजून घरातून धड बाहेर पडलेले नसतात, आणि एक जण आपलं प्यादं समोरच्याच्या तोंडाशी नेऊन ठेवतो. घे. बहुतेक वेळा प्यादंच, क्वचित घोडा किंवा उंट. नजरचुकीने प्यादं गेलं तर ती नुसती चूक. डावाच्या मध्यावर पुढच्या सगळ्या खेळ्या मोजून वजीर दिला तर तो बळी. त्यात हिशेब पक्का असेल तर धोका जवळजवळ नसतोच. गॅम्बिट या दोहोंच्या मधला. देणारा जाणूनबुजून देतो, उघड देतो, पण पुढचं सगळं त्याला दिसत नसतं. आणि घ्यायचं की नाही हे ठरवायची मोकळीक समोरच्याकडे असते. ही मोकळीक इतकी महत्त्वाची की ती सुरुवातीच्या नावातच घातलेली आहे: घेतलं तर ‘ॲक्सेप्टेड’, नाकारलं तर ‘डिक्लाइन्ड’, आणि घेण्याऐवजी उलट आपलंच प्यादं पुढे केलं तर ‘काउंटर-गॅम्बिट’. मटक्यात आकडा निघतो तेव्हा त्या आकड्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. इथे समोर एक माणूस बसलेला असतो, आणि तुम्ही का देताय याचाच तो विचार करत असतो.

राजाच्या गॅम्बिटमध्ये हे सगळं दुसऱ्याच खेळीला घडतं. (घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं तर उभ्या ओळी डावीकडून ए ते एच, आडव्या खालून एक ते आठ.) पांढऱ्याचं राजापुढचं प्यादं ई४ वर, काळ्याचं ई५ वर. लगेच पांढरा एफ२ चं प्यादं दोन घरं ढकलून एफ४ वर ठेवतो. काळ्याने ते मारलं की त्याचं मधलं प्यादं मध्य सोडून बाजूला गेलं. आता डी४ वर दुसरं प्यादं आणून पांढरा पटाचा मध्य धरू शकतो, आणि किल्लेकोट केला, म्हणजे एकाच खेळीत राजा कोपऱ्याकडे नेऊन हत्ती त्याच्या पलीकडे आणला, की त्याचा हत्ती एफच्या उभ्या ओळीतून एफ७ कडे रोखला जातो. काळ्याच्या छावणीत सुरुवातीला फक्त राजाच्या एकट्याच्या राखणीत असलेलं घर ते हेच. किंमत? एक प्यादं, आणि वर स्वतःच्या राजासमोरची उघडी पडलेली खिडकी. एच४ ते ई१ हा तिरका रस्ता मोकळा झालेला असतो. काळ्याचा वजीर एच४ वर आला की शह. म्हणून तिसरी खेळी बहुतेक जण घोडा एफ३ अशी करतात, कारण त्या घोड्याचा जोर एच४ वर पडतो. काळा जी५ वर प्यादं आणून मिळालेल्या प्याद्याला टेकू देतो. पांढरा उंट सी४ वर काढतो. काळा जी४ करून घोड्यावर चाल करून जातो. इथे शहाणा माणूस घोडा हलवेल. मुझियो गॅम्बिट खेळणारा घोडा तिथेच मरू देतो आणि किल्लेकोट करतो. काळा घोडा मारतो, आणि पांढऱ्याचा वजीर एफ३ वर ते मारणारं प्यादं उचलतो. आता तो एक घोडा मागे आहे. पण त्याचा वजीर, उंट आणि हत्ती तिघेही एफ७ च्या कामाला लागलेले, आणि काळ्याने पाच खेळ्यांत प्याद्यांशिवाय काहीही हलवलेलं नाही.

नाकारणाऱ्यासाठीही एक साधी वाट आहे. काळा प्यादं न मारता उंट सी५ वर ठेवतो. पांढऱ्याला वाटतं, याने ई५ चं प्यादं विसरून ठेवलं. तो एफ४ वरून ते मारतो. काळ्याचा वजीर एच४ वर, शह. राजा ई२ वर सरकला तर वजीर ई४ वरचं प्यादं मारून तिथेच मात करतो. जी३ करून शह अडवला तर वजीर ई४ वर येऊन पुन्हा शह देतो आणि त्याच तिरक्या रेषेत एच१ चा हत्ती उचलतो. म्हणजे ज्याने आमिष टाकलं तोच दुसऱ्याचं आमिष गिळून बसला.

हा शब्द मुळात पटावरचा नाहीच.

इटालियन भाषेत ‘गाम्बा’ म्हणजे पाय, आणि ‘गाम्बेत्तो’ म्हणजे समोरच्याच्या पायात पाय घालून त्याला पाडणं. रुय लोपेझ हा स्पॅनिश धर्मगुरू १५६० मध्ये रोमला गेला, तिथल्या खेळाडूंकडून त्याने हा शब्द उचलला आणि १५६१ सालच्या आपल्या बुद्धिबळावरच्या पुस्तकात वापरला. इंग्रजी छपाईत तो शंभरेक वर्षांनी, १६५६ मध्ये दिसतो. ज्याने कोल्हापूर-सांगलीकडची मातीतली कुस्ती पाहिली आहे त्याला शब्दकोशाची गरज नाही. ही आपली टांग. टांग मारताना मल्लाचा स्वतःचा एक पाय जमिनीवरून सुटलेला असतो. त्या क्षणी दोघांत कच्चा तोच असतो. लागली तर समोरच्याला आसमान दिसतं. क्षणभर उशीर झाला, पकड ढिली राहिली, की एका पायावर उभा असलेला हाच पाठीवर. बुद्धिबळाच्या पुस्तकांत गॅम्बिटची जी लक्षणं पानंच्या पानं खर्चून सांगितलेली असतात, ती सगळी या एका डावात आहेत.

इंग्रजीत गंमत अशी झाली आहे की ‘गॅम्बल’ आणि ‘गॅम्बिट’ दिसायला सख्खी भावंडं, प्रत्यक्षात नातं नाही. गॅम्बल हा खेळ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाच्या कुळातला मानतात. गॅम्बिटचं खरं भावंड म्हणजे ‘गॅम्बोल’: कोकरासारखं उड्या मारत बागडणं, तोही पायावरून आलेला. पण सारख्या दिसण्याने सवयी एकमेकांना लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पटाबाहेरही गॅम्बिट फिरायला लागला. बोलणं सुरू करण्यासाठी टाकलेलं पहिलं वाक्य, वाटाघाटीतली पहिली मागणी, यांनाही लोक गॅम्बिट म्हणू लागले. ‘ओपनिंग गॅम्बिट’ हा प्रयोग तर सर्रास दिसतो. पटावरचा माणूस तिथे अडखळतो, कारण गॅम्बिट सुरुवातीचाच असतो; ‘पिवळा पीतांबर’ म्हटल्यासारखं ते. क्रियापदांवरूनही शब्द कुठून आलाय ते कळतं. पटाजवळचा लेखक म्हणेल, गॅम्बिट देऊ केला, स्वीकारला, नाकारला. वर्तमानपत्री लेखक म्हणेल, गॅम्बिट यशस्वी झाला, फसला, अंगाशी आला. ही सगळी क्रियापदं जुगाराकडून आलेली. इंग्रजीने हा सैलपणा केव्हाच पचवला आणि त्यांच्या शब्दकोशांत तो अधिकृत आहे. भाषा असंच करते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की, मराठीत तो शब्द आला तो थेट या सैल रूपातच. आधी काही द्यावं लागतं हा भाग वाटेतच कुठे गळून पडला.

दिलेल्याच्या बदल्यात मिळतं काय, याचा जुना अंदाज असा: तीन टेम्पो म्हणजे एक प्यादं. टेम्पो म्हणजे एका खेळीएवढा वेळ. (आपल्याकडे टेम्पो म्हटलं की मंडईतला छोटा हत्ती डोळ्यांसमोर येतो, आणि पटावर हत्ती वेगळाच, पण ते असो.) समोरच्याचा एक मोहरा तीनदा हलला आणि तेवढ्यात तुमचे तीन मोहरे बाहेर आले, तर दिलेलं प्यादं वसूल झालं असं धरायचं. एव्हान्स गॅम्बिट हा या हिशेबाचा सगळ्यात स्वच्छ नमुना. विल्यम डेव्हिस एव्हान्स हा वेल्समधला जहाजावरचा कप्तान. १८२० च्या दशकात त्याने ही कल्पना काढली. दोन्हीकडची ई-प्यादी समोरासमोर, घोडे एफ३ आणि सी६ वर, उंट सी४ आणि सी५ वर. एरवी शांतपणे चालणारा हा डाव. एव्हान्स चौथ्या खेळीला बी२ चं प्यादं बी४ वर ढकलतो. काळ्याचा उंट ते मारतो. पांढरा सी३ करून त्या उंटावर चाल करतो. उंट ए५ वर पळतो. आता डी४. मोजा: काळ्याचा एकच उंट तीनदा हलला, आणि पांढऱ्याला सी३, डी४ या दोन्ही खेळ्या, ज्या त्याला करायच्याच होत्या, जवळपास फुकटात मिळाल्या. शिवाय वजिराच्या बाजूचा उंट ए३ वर आला की काळ्याच्या राजाला किल्लेकोट करणं अवघड.

मग या गॅम्बिटची हवा गेली कशी? जगज्जेत्या इमान्युएल लास्करने एक अतिशय संसारी उत्तर शोधलं: परत देऊन टाक. डी६ करायचं, उंट बी६ वर मागे आणायचा, पांढऱ्याला त्याचं प्यादं परत घेऊ द्यायचं, वजिराला वजीर मारून घ्यायचा. प्यादी समसमान झाली, पण पांढऱ्याच्या वजिराच्या बाजूची प्यादी आता तुटक-फाटकी, आणि हल्ला करायला वजीर नाही. सगळा आवेश गेला आणि हातात एक जरासा वाईट एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, उरला. गॅम्बिट घेणाऱ्यांचे बहुतेक पराभव फुकट मिळालेल्या प्याद्याला चिकटून राहण्याने होतात. मिळालेलं योग्य वेळी टाकून देणं हे हुशार खेळाडूंनाही उशिरा जमतं, कारण एक प्यादं जास्त आहे हे मनातून जात नाही. मग त्या एका प्याद्यासाठी वजीर राखणीला बसतो, त्याच्यासाठी घोडा अडून राहतो, आणि राजा मधेच उघडा.

शतकभर अडगळीत पडलेला हाच एव्हान्स गॅम्बिट गॅरी कास्पारोव्हने १९९५ मध्ये रिगाला, मिखाइल ताल यांच्या स्मृतिस्पर्धेत काढला. समोर आपला विश्वनाथन आनंद. त्याच वर्षी पुढे दोघांची विश्वविजेतेपदाची लढत व्हायची होती, तेव्हा दोघेही एकमेकांच्या तयारीचा वास घेत होते. आनंदने प्यादं घेतलं, उंट ए५ वर न नेता सावधपणे ई७ वर मागे आणला आणि सहाव्या खेळीला घोडा कडेला, ए५ वर नेला. कास्पारोव्हने पंचवीस खेळ्यांत डाव जिंकला. या डावावरून एव्हान्स गॅम्बिट बरोबर ठरला असं म्हणायची घाई करू नये. बरोबर ठरलं ते एवढंच की, जुन्या पुस्तकातली वाट समोरच्याने ताजी उजळलेली नसेल तर घड्याळासमोर बसून ती नव्याने शोधणं आनंदसारख्यालाही महाग जातं. गॅम्बिटमध्ये समोरच्याचा वेळ दोन प्रकारे खाल्ला जातो, पटावरचा आणि घड्याळातला. आणि झटपट बुद्धिबळात हा दुसराच जास्त उपयोगी पडतो.

सगळ्यात प्रसिद्ध गॅम्बिट मात्र गॅम्बिटच नाही. क्वीन्स गॅम्बिटमध्ये राणीचा, म्हणजे आपल्या वजिराचा, बळी जातो असा समज मराठीत बऱ्यापैकी पसरलेला आहे. वजीर कुठेही जात नाही. डी-प्यादी समोरासमोर असताना पांढरा वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं सी४ वर ठेवतो, एवढंच. आणि तेही खरोखर जात नाही, कारण काळ्याला ते टिकवता येत नाही. घेतलं, पांढऱ्याने ई३ केलं, काळा बी५ ने राखायला गेला. पांढरा ए४. काळा सी६ ने बी५ ला आधार देतो. पांढरा ए-प्याद्याने बी५ वर मारतो, काळा सी-प्याद्याने परत मारतो, आणि पांढऱ्याचा वजीर एफ३ वर येतो. एफ३ पासून ए८ पर्यंतची तिरकी रेषा सबंध मोकळी. कोपऱ्यातला हत्ती वाचवायला घोडा किंवा उंट मधे टाकून गमवावा लागतो. म्हणून जाणकार ते प्यादं घेतात ते परत करायच्या तयारीनेच, आणि तेवढ्या वेळात आपले मोहरे बाहेर काढतात.

गॅम्बिट देणाऱ्याच्या चुका ठरावीक आहेत. पहिली, दोन खेळ्यांनी धीर सुटून दिलेलं प्यादं परत मिळवायच्या मागे लागणं. त्यात विकत घेतलेला वेळच खर्च होतो. दुसरी, वजिराला वजीर मारू देणं. तिसरी आणि सगळ्यात सोपी दिसणारी, एकट्या वजिराला घेऊन एफ७ वर धाड घालणं, बाकीचे घरी. प्याद्याची तूट डाव संपेपर्यंत तशीच राहते. मिळालेली आघाडी मात्र खेळीगणिक विरत जाते, कारण समोरचाही दर खेळीला एकेक मोहरा बाहेर काढतच असतो. दहा-बारा खेळ्यांत तिचं काही ठोस झालं नाही, राजा उघडा पडला नाही, ओळ हाती आली नाही, तर हातात फक्त एक प्यादं कमी.

आपल्या जुन्या हिंदुस्थानी रिवाजात गॅम्बिटला फारशी जागाच नव्हती. बहुतेक ठिकाणी प्याद्याला पहिल्या खेळीलाही एकच घर मिळे, किल्लेकोट नव्हता, राजाला एकदाच घोड्यासारखी उडी. दुसऱ्या खेळीला टक्कर होणारच कशी? माणसं सावकाश फळ्या बांधत, उंट कोपऱ्यातून डोकावत. त्या मुशीतला कलकत्त्याचा खेळाडू म्हणजे मोहेशचंद्र बॅनर्जी. इंग्रजी नोंदींत तो ‘मोहिशुंदर’. त्याच्यासमोर बसायचा जॉन कॉक्रन, स्कॉटलंडचा बॅरिस्टर, हल्ल्याशिवाय दुसरं न सुचणारा. १८४८ मधल्या एका डावात कॉक्रनने चौथ्याच खेळीला घोडा एफ७ वर आपटला. दोन प्यादी घेतली, एक घोडा दिला, आणि काळ्याच्या राजाला घराबाहेर ओढून काढलं. त्याला आजही कॉक्रन गॅम्बिट म्हणतात. १९९९ साली लिनारेसला व्हेसेलिन टोपालोव्हने तोच प्रकार व्लादिमीर क्राम्निकवर केला आणि डाव बरोबरीत सुटला. कॉक्रनबरोबरच्या डावांच्या नोंदींमुळेच बॅनर्जीच्या सावकाश, कडेने उंट काढणाऱ्या सुरुवातीही टिकल्या, आणि अशा बचावांना जगभर ‘इंडियन’ हे नाव पडलं. मला विचाराल तर त्या जोडीत जास्त नवं काम करणारा बॅनर्जी होता, पण गॅम्बिटला नाव देणाऱ्याचं मिळतं, घेणाऱ्याचं नाही.

वेळ विरतो या नियमाला एक सणसणीत अपवाद आहे. बेंको गॅम्बिट, पूर्व युरोपात व्होल्गा गॅम्बिट. इथे देणारा काळा. तिसऱ्या खेळीला तो बी५ वर प्यादं ठेवतो, मग ए६ करून दुसरंही सोडवून घेतो. पांढऱ्याने सगळं मारलं की काळ्याला ए आणि बी या दोन उभ्या ओळी सताड उघड्या मिळतात, आणि हत्ती त्यांवर येऊन पांढऱ्याच्या ए२ आणि बी२ वर दाब देत बसतात. मातबिताची घाई नाही. वजीर मारले गेले तरी दाब कमी होत नाही, उलट एंडगेममध्ये तो जास्त जाणवतो. हल्लेखोर स्वभावाच्या माणसाने हा खेळू नये; त्याला वाटतं काहीच घडत नाहीये, आणि तो काहीतरी घडवायला जातो.

राजाच्या गॅम्बिटची मात्र पार रया गेली. १८५१ च्या २१ जूनला लंडनमध्ये अँडरसनने कीझेरिट्स्कीवर त्याच गॅम्बिटमध्ये एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन उरलेल्या दोन घोडे आणि एका उंटाने मात केली, तेव्हा तो वैभवात होता. १९६० मध्ये मार देल प्लाताला बोरिस स्पास्कीने तो बॉबी फिशरवर खेळून डाव जिंकला. फिशर चिडला, घरी जाऊन बसला, आणि १९६१ मध्ये त्याने लेखच लिहिला की, हा गॅम्बिट मोडीत निघाला आहे. घोडा एफ३ नंतर काळ्याने डी६ करावं, पांढरा हरतो. लेख गाजला, बऱ्याच जणांनी तो गॅम्बिट सोडून दिला. दोनच वर्षांनी, १९६३ च्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत लॅरी एव्हान्ससमोर पांढरे मोहरे घेऊन बसलेल्या फिशरने दुसऱ्या खेळीला एफ४ केलं, तिसरीला घोड्याऐवजी उंट सी४ वर काढला, अँडरसनने काढला होता तसाच, वजिराचा शह एच४ वरून अंगावर घेतला आणि राजा एफ१ वर सरकवला. डाव त्याने जिंकला. त्या स्पर्धेत त्याचे अकराच्या अकरा डाव जिंकून झाले.